जंतांवर बुरशी: कुठे चालते, कुठे नाही

डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स ही बुरशी जनावराच्या पोटातल्या जंतांना काहीही करत नाही. खुराकातून दिलेले तिचे जाड कवचाचे बीजाणू आतड्यातून जिवंत बाहेर पडतात आणि शेणात किंवा लेंड्यांत रुजतात. तिथे चिकट जाळे पसरते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्यात अडकतात आणि बुरशी त्यांच्या अंगात शिरून त्यांना खाऊन टाकते. थांबते ती पुढची लागण. जंतांमुळे हिरड्या पांढऱ्या पडलेल्या हरणाला औषधाऐवजी बुरशी देणे, ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक.

दुसरी चूक मुहूर्ताची. बोरिवली-मुलुंडच्या पावसाळ्यात ऊब आणि ओल एकत्र येतात. हीमोंकससारख्या रक्तपिपासू जंताची अळी तेव्हा आठवड्याभरात लागण करण्याजोगी होते. ती गवतावर चढली की बुरशीच्या आवाक्याबाहेर गेली. म्हणून खुराक पहिल्या पावसाआधी सुरू करावा आणि रोज द्यावा. बंद केल्यावर थोड्याच दिवसांत शेणातले बीजाणू संपतात. मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे दररोज सुमारे ३०,००० बीजाणूंची. कागदावर हे सोपे असते. कळपात दांडगा नर गव्हाण अडवतो आणि दुबळ्या माद्यांना चाटायलाही उरत नाही, म्हणून गव्हाणी दूरदूर आणि गरजेपेक्षा जास्त ठेवाव्यात.

निकालाचीही घाई नको. लेंडीतल्या अंड्यांची संख्या लगेच उतरत नाही, कारण अंडी घालणारे जंत पोटात शाबूत असतात. लेंड्या उबवून त्यांतून किती अळ्या निघतात, ते मोजावे.

रोज झाडल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या पिंजऱ्यात किंवा म्हशी बांधून ठेवलेल्या आरेच्या तबेल्यात हा खर्च व्यर्थ आहे. तिथे शेण वेळेवर उचलणे पुरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या मोकळ्या चितळांना रोज मोजून खुराक देता येत नाही, तेव्हा तिथेही उपाय लागू नाही. तो कामाचा आहे मातीच्या, गवताच्या कुंपणबंद आवारात.

वाघ-सिंहांच्या गोलकृमींची गोष्ट वेगळी. त्यांची अळी अंड्याच्या कवचातच राहून लागण करते, त्यामुळे जाळे रिकामेच राहते. स्पेनमध्ये लुगोजवळच्या प्राणिसंग्रहालयात डडिंग्टोनियाच्या जोडीला अंड्यांवर हल्ला करणारी म्यूकर सर्सिनेलॉइडिस ही बुरशी खाद्याच्या गोळ्यांतून तृणभक्षकांना दिली गेली. मांसाहाऱ्यांच्या आवारात मात्र विष्ठा त्याच दिवशी उचलणे हाच पहिला उपाय, कारण ही अंडी मातीत अनेक महिने टिकतात.