उत्पन्न बदलले म्हणजे अन्नवस्त्राचा खर्च कसा बदलतो?

शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न वाढले म्हणजे अन्नवस्त्रावरील खर्चही त्याच प्रमाणात वाढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. पोटाला मर्यादा असते. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा मोठा, असे जर्मन सांख्यिक अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली दाखवून दिले.

आपल्याकडेही तेच आढळते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार भारताच्या ग्रामीण भागात अन्नाचा वाटा १९९९-२००० साली एकूण खर्चाच्या सुमारे ५९ टक्के होता. २०२३-२४ साली तो सुमारे ४७ टक्क्यांवर आला. त्यातही धान्याचा वाटा २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत उतरला. रेशनच्या स्वस्त वा मोफत धान्याचा यात हात आहेच. शिवाय दूध, फळे, अंडी यांकडे पैसा वळला. बिस्किटांचे पुडे आणि फरसाणही अन्नातच मोजले जाते, हे मात्र विसरू नये.

समजा, एका कुटुंबाचा वार्षिक घरखर्च १,२०,००० रुपये असून त्यात अन्न ६६,००० व कापड ९,००० रुपये आहे. कापूस चांगला पिकला आणि घरखर्च १,६०,००० झाला. अन्न ७६,००० व कापड १४,००० झाले. अन्नाचा खर्च दहा हजारांनी वाढूनही त्याचा वाटा ५५ टक्क्यांवरून ४७.५ टक्क्यांवर उतरला. कापडाचा मात्र साडेसात टक्क्यांवरून पावणेनऊ टक्क्यांवर चढला. पुढील वर्षी पाऊस दगा देऊन घरखर्च ९०,००० वर आला, तर हेच कुटुंब कापड ३,००० वर आणील, पण अन्न ६०,००० च्या खाली सहसा नेणार नाही. नवे लुगडे पुढील दिवाळीवर ढकलता येते, भाकरी ढकलता येत नाही. टंचाईत डाळ व दूध आधी कमी होते, भाकरी शेवटी; आणि हा काटा बहुधा घरातील स्त्रियांच्या ताटाला प्रथम लागतो. केवळ टक्केवारी पाहणाऱ्यास तो दिसणार नाही.

अन्नाचा वाटा घटला म्हणजे भरभराट झालीच, असेही नव्हे. दवाखान्याचा किंवा लग्नाचा मोठा खर्च निघाला तरी वाटा घटतो. म्हणून ग्रामसेवकांनी असे खर्च वेगळे मांडून मग प्रमाण काढावे.

घरच्या शेतातील ज्वारी, तूर व गोठ्यातील दूध यांची किंमत स्थानिक भावाने खर्चात धरावी; अन्यथा बागायतदारापेक्षा मजूरच अधिक खातो असे विचित्र अनुमान निघेल. कापडाची खरेदी दिवाळी व लग्नसराईत होत असल्याने एका महिन्याचा हिशेब उपयोगी नाही. राष्ट्रीय पाहणीतही कपडे व पादत्राणे यांची चौकशी मागील ३६५ दिवसांची केली जाते. नोंदवही सुगीनंतर सुरू करून पुढील सुगीपर्यंत चालवावी. सुगीला विकलेली ज्वारी आषाढ-श्रावणात चढ्या भावाने परत विकत घेतली असल्यास ती नोंद स्वतंत्र रकान्यात करावी.