उसने घ्या, पण नाव सांगा

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. १०० सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला २० आंदोलनांसाठी सुमारे ४०.१ सेकंद लागतात. समजा, दोघांच्या प्रयोगवह्यांत या जागी ४.०१ सेकंद असे लिहिलेले आढळले. बरोबर उत्तर सारखे येणे स्वाभाविक आहे. पण चूकही नेमकी तीच कशी? येथे निरीक्षण एकच झाले आणि ते दोनदा मोजले गेले, हे उघड आहे.

शोधनिबंधात असे घडले, तर त्यास वाङ्मयचौर्य म्हणतात. दुसऱ्याचे शब्द, आकृती, निरीक्षणे किंवा कल्पना, मूळ कर्त्याचा उल्लेख न करता, आपल्या म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य.

एक घडलेली गोष्ट

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थ्याने प्लॅटिनमच्या संयुगांचा उंदरांच्या पेशींवर होणारा परिणाम अभ्यासला आणि निबंध युरोपातील एका नियतकालिकाकडे पाठविला. संपादकांनी तो परीक्षणासाठी ह्यूस्टन येथील एका तज्ज्ञाकडे धाडला; पण ते तज्ज्ञ पूर्वीच वारले होते. हस्तलिखित तेथे काम केलेल्या एलायस अल्साब्ती याच्या हाती पडले. त्याने शीर्षक बदलून ते १९७९ मध्ये एका जपानी नियतकालिकात स्वतःच्या नावाने छापून आणले. १९८० मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा त्याचे इतर अनेक निबंधही उचललेले निघाले.

यात मूळ विद्यार्थ्याचे केवढे नुकसान! दोन सारखे निबंध पाहणारा वाचक त्यालाच चोर समजला असता. म्हणूनच हस्तलिखित केव्हा मिळाले, याची संपादकांकडील नोंद मोलाची असते.

शोध आणि उपाय

आज संगणक नव्या निबंधातील सलग शब्दांच्या ओळी जुन्या लिखाणाशी ताडून साम्याची टक्केवारी देतो. परंतु टक्केवारी म्हणजे निकाल नव्हे. न्यूटनच्या नियमाचे शब्द सर्वत्र सारखेच असणार. उलट, भाषांतर करून चोरलेला मजकूर संगणकाच्या नजरेतून सुटू शकतो. अखेर जाणकार माणसानेच दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावे लागतात.

संशय आल्यास संपादक प्रथम लेखकाकडे खुलासा मागतात. तो न पटल्यास त्याच्या संस्थेला कळवितात आणि निबंध मागे घेतल्याचे जाहीर करतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो. त्यापुढे ६० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध वर्षभर सादर करता येत नाही. त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते.

आपण काय करावे?

टिपण काढतानाच पुस्तकाचे नाव व पान लिहून ठेवा. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घेतल्यास ते अवतरणचिन्हांत घाला. पुस्तक मिटून, समजलेले स्वतःच्या शब्दांत लिहा आणि तरीही मूळ लेखकाचे नाव द्या. त्यामुळे वाचकाला मुळापर्यंत जाऊन पडताळा घेता येतो. विज्ञान उभे आहे ते या पडताळ्यावरच.

प्रश्न : मित्राची निरीक्षणे त्याच्या संमतीने, पण त्याचे नाव न देता, आपल्या वहीत लिहिली, तर ते वाङ्मयचौर्य ठरेल का? वर्गात चर्चा करा.