न दिसणारा छळ

अंगावर वळ उठला, तरच त्याला छळ म्हणायचे, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005' या कायद्याने ती खोडून काढली. शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हीदेखील हिंसाच होय, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

असा छळ ओळखणे मात्र कठीण; कारण त्याची सुरुवात बहुधा काळजीच्या भाषेत होते. 'उशीर करू नकोस', 'माहेरी सारखा फोन कशाला?' यांत प्रथम काही वावगे वाटत नाही. पुढे पगार काढून घेतला जातो, भाजीच्या पैशांचाही हिशेब द्यावा लागतो, मोबाइल तपासला जातो, मैत्रिणी दुरावतात. एकेक गोष्ट क्षुल्लक. पण सर्व एकत्र पाहिल्या, की स्त्रीचा प्रत्येक निर्णय दुसऱ्याच्या हाती गेलेला दिसतो. बोलण्याआधी नवऱ्याचा चेहरा निरखण्याची सवय जडणे, ही यातली सर्वांत बोलकी खूण. लोक तिला संसार सांभाळणे म्हणतात, ते वेगळे!

मदतीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे. संरक्षण अधिकाऱ्याला शेजारीही कळवू शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. घर पतीच्या नावावर असले, तरी तेथे राहण्याचा पत्नीला हक्क आहे. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकील विनामूल्य मिळतो.