गोरेपणाची डबी आणि मुलीचे मोल



लग्नासाठी मुलीचे परिचयपत्र लिहिताना नाव, शिक्षण, उंची यांच्याखाली ‘वर्ण’ असा रकाना येतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा असे लिहितात. ‘काळा’ कुणी लिहीत नाही. मुलाच्या पत्रातही हा रकाना असतो, पण तो फारसे कुणी वाचत नाही! हे मोजमाप जाहिरातींनी जन्माला घातले असे नाही. ते आपल्या घरात आधीपासून होते. जाहिरातींनी त्यावर धंदा उभा केला.

१९७५ मध्ये हिंदुस्थान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. तिची एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. घरात पैशांची ओढाताण आहे. आपल्याला मुलगा असता तर, अशी खंत वडील करतात आणि मुलगी ते ऐकते. ती क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरीची नोकरी मिळवते. वरवर पाहता ही मुलीच्या प्रगतीची गोष्ट आहे. पण नीट पाहा. मुलगी मुलाच्या बरोबरीला आली ती चेहरा बदलल्यावर. तिची हुशारी पुरेशी ठरली नाही. वडिलांची खंत चुकीची आहे, असेही कुणी म्हटले नाही. समानता हा तिचा हक्क न राहता ट्यूबमधून विकत घ्यायची वस्तू झाली.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये त्या थांबल्या. सावळी व्यक्ती दुःखी किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये क्रीमचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, पण परिचयपत्रातला रकाना तसाच आहे.

मालिकांचेही तेच. ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेने सावळ्या मुलीची बाजू घेतली, हे चांगलेच झाले. पण ती भूमिका करणाऱ्या उजळ अभिनेत्रीला मेकअपने सावळे करावे लागले. सावळी अभिनेत्री महाराष्ट्रात मिळाली नसती का? सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील सावळ्याच होत्या, आणि तो चेहरा लोकांनी डोक्यावर घेतला.

तत्त्वज्ञ कांट याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला आहे. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते. माणसाच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही, म्हणून त्याला प्रतिष्ठा असते. आरशासमोर उभी असलेली चौदा वर्षांची मुलगी कांट वाचत नाही, पण तिच्यापुढे प्रश्न हाच असतो. ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ असे आपण तिला म्हणतो, आणि तिचीच आई दिवसभर सोयाबीनच्या निंदणाला गेलेली असते. मग आईच्या रंगाबद्दल तिने काय समजायचे? बायबलमधल्या गीतरत्नातील वधूही उन्हात द्राक्षमळे राखून सावळी झालेली आहे, आणि आपण सुंदर आहोत हे ती स्वतःच सांगते.

आता एक गंभीर गोष्ट. २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या अकोल्यातून बातमी आली. एकाच घरातल्या तिघींनी ब्युटी पार्लरमधून आणलेली उजळपणाची क्रीम लावली आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने परवानगी नाही. तरीही अशा डब्या बिननावाने विकल्या जातात.

म्हणून घरातली डबी आजच पाहा. तिच्यावर कंपनीचे नाव, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नसतील तर ती वापरू नका. अशी क्रीम लावणाऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर लाजू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. जाताना ती डबी सोबत न्या.