स्पर्धेचे नियमपत्रक

दिग्रस

 

छायाचित्रस्पर्धेतील बहुतेक तंट्यांचे मूळ नियमपत्रकातच असते, म्हणून १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाची स्पर्धा योजणाऱ्याने बक्षिसांपेक्षा त्या पत्रकाकडे अधिक लक्ष द्यावे. नाव झाकून क्रमांकावर परीक्षण करण्याची पद्धत चांगली खरी. परंतु दिग्रससारख्या गावात अरुणावती धरणावरचा सूर्यास्त कोणी टिपला हे परीक्षकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर आधीच पाहिलेले असते, तिथे क्रमांकाने काही झाकले जात नाही. तेव्हा परीक्षक यवतमाळ वा अमरावतीहून बोलवावेत, त्यांची नावे पत्रकातच छापावीत, आणि ज्याचा शिष्य वा नातलग स्पर्धेत असेल त्याने त्या छायाचित्राला गुण देऊ नयेत, हे बंधन लेखी असावे. संयोजकांच्या घरच्यांनी भाग घेऊ नये, हेही दुर्दैवाने लिहावेच लागते.

रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातील संस्कार न झालेली मूळ नोंद, मागवली की लबाडी उघडी पडते, हा समज अपुरा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१७ साली मार्सिओ काब्राल यांच्या छायाचित्राने एका विभागाचे पारितोषिक मिळवले. रात्री चमकणाऱ्या वारुळापाशी आलेला मुंगीखाऊ त्यात दिसत होता. पुढे तक्रार आली तेव्हा त्यांनी आधीच्या व नंतरच्या रॉ फाइली दिल्या, पण त्यांपैकी एकीतही तो प्राणी नव्हता. पाच तज्ज्ञांनी तो पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष काढला आणि काब्राल यांनी आरोप नाकारूनही एप्रिल २०१८ मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. एवढी मोठी संस्था निकाल फिरवू शकली, कारण तक्रार ऐकण्याची आणि तपासण्याची तिची तयारी होती. गावच्या स्पर्धेतही हरकतीची मुदत आणि बक्षीस परत घेण्याचे कलम असलेच पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित कलम हक्कांचे. ‘आलेली सर्व छायाचित्रे आयोजकांच्या मालकीची राहतील’ हे वाक्य एका पत्रकातून दुसऱ्यात सर्रास उतरवले जाते; वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः ते टिपणाराच असतो आणि त्याच्या सहीच्या लेखाशिवाय हक्काचे हस्तांतरण होत नाही. प्रवेशशुल्क घ्यायचे आणि वर हरलेल्यांची छायाचित्रेही फुकट ठेवून घ्यायची, ही स्पर्धा नव्हे, उघड लूट आहे. प्रदर्शनात व बातमीत, छायाचित्रकाराच्या नावासह वापरण्यापुरतीच परवानगी मागावी.

निकालासोबत गुणतक्ताही फलकावर लावावा, आणि पत्रक छापखान्यात देण्यापूर्वी संयोजकांनी ते एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावे.