जीडीबीची बोली कशी ओळखावी?

संगणकाच्या आज्ञावलीतील चुका हुडकणाऱ्या साधनास डीबगर म्हणतात. जीडीबी हा त्यांतील एक प्रसिद्ध डीबगर होय. त्याचा आरंभ १९८६ साली झाला. इतर आज्ञावल्या त्याच्याशी ‘एमआय’ नामक ठरीव बोलीत संभाषण करितात. परंतु ह्या बोलीच्याही आवृत्त्या आहेत. एमआय२ मध्ये अनेक ठिकाणी लागू होणाऱ्या थांब्याचे वर्णन सदोष रीतीने येई, ते एमआय३ ने सुधारिले. तेव्हा बोली चुकली, की उत्तराचा अर्थही चुकतो!

जीडीबीचा आकडा पाहून तर्क करणे मला पसंत नाही, त्यासच पुसावे. ‘इंटरप्रिटर’ ह्या पर्यायापुढे एमआय४ लिहून तो सुरू करावा. ती बोली ठाऊक नसल्यास तो स्पष्ट नकार देऊन थांबतो. मग एमआय३, मग एमआय२. नुसते ‘एमआय’ लिहिल्यास त्याची सर्वांत नवी बोली मिळते खरी, पण तिचा क्रमांक कळत नाही.