कॅमेरा कोणाच्या हातात? – ज्यू स्मृती आणि चित्रपट

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकविली जाते. एखादा जुना कागद पुढे आला, की त्यातील मजकुरावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कोणत्या हेतूने लिहिला, हे विचारावे. बखर वाचताना आपण हे प्रश्न विचारतो. सरकारी खलिता वाचतानाही विचारतो. चित्रपटगृहातील दिवे मालवले, की मात्र ही सवय आपण दाराबाहेर ठेवून आत जातो. पडद्यावर हलताना दिसले ते घडलेलेच असणार, असे डोळे सांगतात आणि मन ते निमूटपणे मान्य करते.

या भाबडेपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे पाहावयाचे असेल तर युरोपातील ज्यूंच्या इतिहासावरील चित्रपटांकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य वाचकापर्यंत ही हकीकत बऱ्याच अंशी पोचली ती पडद्यावरून. तेव्हा निवडक पाच-सहा चित्रपट समोर ठेवून तोच जुना प्रश्न विचारण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे : कॅमेरा कोणाच्या हातात होता?

प्रारंभ करावयाचा तो हत्याकांडापूर्वीच्या एका चित्रपटापासून. 1937 साली पोलंडमध्ये मिखाल वाशिन्स्की या दिग्दर्शकाने ‘डिब्बुक’ हा चित्रपट काढला. आन्स्की यांच्या प्रसिद्ध नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाची भाषा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंची घरची बोली. त्याचे कथानक आपल्याला मुळीच परके वाटत नाही. दोन जिवलग मित्र आपल्या अजून न जन्मलेल्या मुलांची सोयरीक ठरवून टाकतात. त्यांतील एक मरतो. दुसरा श्रीमंत होतो आणि दिलेला शब्द विसरून मुलीसाठी धनिक स्थळ पाहू लागतो. मृत मित्राचा मुलगा, एक गरीब विद्यार्थी, तिच्यासाठी गूढविद्येच्या नादी लागतो आणि त्यातच प्राण गमावतो. लग्नाच्या दिवशी वधू आपल्या मृत आईला आमंत्रण देण्यासाठी स्मशानात जाते. आपल्याकडे मंगलकार्याच्या आरंभी नांदीश्राद्ध करून पितरांना बोलावतात, त्याची येथे आठवण होते. ऐन लग्नमंडपात त्या विद्यार्थ्याचा आत्मा वधूला झपाटतो. असा जिवंत माणसाच्या शरीरात शिरलेला मृतात्मा म्हणजेच डिब्बुक.

या चित्रपटात प्रार्थनामंदिर आहे, गुरू आणि शिष्य आहेत, लग्नातील गाणी आहेत, भिकाऱ्यांना दिलेली मेजवानी आहे. तो काढणाऱ्यांना एक नाट्यपूर्ण प्रेमकथा सांगावयाची होती. आपण एका जगाची अखेरची चित्रे टिपत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती. अवघ्या दोन वर्षांनी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. युद्धापूर्वी पोलंडमध्ये तीस लाखांहून अधिक ज्यू राहत होते. त्यांतील सुमारे नव्वद टक्के मारले गेले. येथे कॅमेरा त्या समाजाच्या स्वतःच्या माणसांच्या हाती होता, आणि म्हणून पडद्यावर जे दिसते ते जगणे आहे.

पाच वर्षांनी त्याच देशात कॅमेरा दुसऱ्यांच्या हातात गेला. 1942 सालच्या मे महिन्यात वॉर्सा शहरातील ज्यूंच्या कोंडवाड्यात जर्मन चित्रण-पथक आले. चार लाखांहून अधिक माणसांना भिंतीआड कोंडून तेथे उपाशी ठेवले होते. पथकाने रस्त्यावर पडलेली प्रेते टिपली आणि त्यांच्या जोडीला उपाहारगृहात मजेत जेवणारे सुखवस्तू ज्यूही टिपले. हेतू उघड होता : स्वतः चैन करणारे आणि शेजारी मरणाऱ्याकडे ढुंकूनही न पाहणारे लोक, असे ज्यूंचे चित्र रंगवावयाचे होते. जुलैपासून याच वस्तीतील माणसांना आगगाड्यांत भरून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यास आरंभ झाला. चित्रपट अपुराच राहिला.

युद्धानंतर ही मूक फीत पूर्व जर्मनीतील एका संग्रहात सापडली आणि तिचे तुकडे अनेक माहितीपटांत अस्सल पुरावा म्हणून वापरले गेले. पुढे 1998 साली तिच्या वगळलेल्या भागांची रिळे मिळाली, आणि तेव्हा खरा प्रकार स्पष्ट झाला. तेच दृश्य पुन्हा पुन्हा घेतलेले, तीच माणसे पुन्हा पुन्हा चालविलेली! याएल हेर्सोन्स्की या इस्रायली दिग्दर्शिकेने 2010 साली या फितीवर ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ हा चित्रपट काढला. त्यात कोंडवाड्यातून वाचलेल्या वृद्ध व्यक्तींना ती फीत दाखविली आहे. जुनी चित्रे पाहणारे त्यांचे चेहरे आपण पाहतो. प्रेते खरी होती, भूक खरी होती. त्यांतून रचलेले विधान मात्र खोटे होते. चित्र खरे असूनही साक्ष खोटी असू शकते, हा धडा इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळतो.

युद्धोत्तर काळात कॅमेरा मुक्त झाला, परंतु तो पूर्णपणे मोकळा झाला असे म्हणता येत नाही. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा ‘नाइट अँड फॉग’ (1956) हा अवघ्या 32 मिनिटांचा माहितीपट याचे उदाहरण होय. ओस पडलेल्या छावण्यांची रंगीत दृश्ये आणि त्यांत गुंफलेली जुनी कृष्णधवल चित्रे, अशी त्याची रचना आहे. निवेदन लिहिणारे कवी जाँ केरोल हे स्वतः छावणीतून वाचलेले होते. या चित्रपटातील एका छायाचित्रात फ्रान्समधील छावणीवर पहारा करणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. ती झाकल्याखेरीज परवानगी मिळेना. आपल्याही लोकांनी या पापाला हात लावला होता, हे सरकारला पडद्यावर नको होते. शेवटी ती टोपी झाकावी लागली. दुसरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या संपूर्ण निवेदनात ज्यूंचा उल्लेख केवळ ओझरता येतो; मृत हे साऱ्या मानवजातीचे मृत म्हणून येतात. हेतू उदात्त खरा, पण ज्या कारणासाठी त्यांना मारले ते कारणच त्यामुळे धूसर होते.

यावर सर्वांत कठोर उत्तर दिले क्लोद लांझमान यांनी. अकरा वर्षे खपून त्यांनी काढलेला ‘शोआ’ (1985) हा चित्रपट साडेनऊ तासांचा आहे. शोआ या हिब्रू शब्दाचा अर्थ महाविनाश. या साडेनऊ तासांत जुन्या चित्रणाचा एकही तुकडा नाही. आहेत ती फक्त बोलणारी माणसे, आणि आज गवत वाढलेल्या त्या जागा. वाचलेले कैदी बोलतात, शेजारच्या खेड्यांतील पोलिश शेतकरी बोलतात, गाडी चालविणारा इंजिन-ड्रायव्हर बोलतो. इतिहासकार राउल हिलबर्ग रेल्वेचा एक साधा आदेश हातात घेऊन समजावून सांगतात, आणि त्या रुक्ष कागदातून गाडी भरून जाते व रिकामी परत येते हे आपल्या ध्यानी येते. तेवढ्याने अंगावर काटा उभा राहतो.

त्यातील आब्राहम बोम्बा यांचा प्रसंग विसरता येत नाही. ट्रेब्लिंकामध्ये मरणापूर्वी स्त्रियांचे केस कापण्याचे काम त्यांच्यावर लादले होते. तेल अवीवमधील एका केशकर्तनालयात, एका माणसाचे केस कापता कापता ते बोलतात. सोबतच्या एका न्हाव्याची बायको आणि बहीण आत आल्या, हे सांगताना त्यांचा आवाज थांबतो. बराच वेळ ते नुसती कात्री चालवीत राहतात. लांझमान पुढे बोलण्याचा आग्रह धरतात. येथे प्रेक्षक अस्वस्थ होतो, आणि तो व्हावयासच हवा. बोम्बा यांनी तो धंदा तेव्हा सोडलेला होता. म्हणजे हा प्रसंगही एका परीने रचलेलाच. एका माजी नाझी अधिकाऱ्याची मुलाखत तर शब्द मोडून, छुप्या कॅमेऱ्याने घेतलेली आहे. सत्यासाठी किती बळजोरी क्षम्य मानावी? लांझमान यांनी आपल्या परीने उत्तर दिले. पण प्रश्न आपल्यापुरता उरतोच.

याच्या अगदी उलट मार्ग स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये (1993) स्वीकारला. अकराशेच्या आसपास ज्यूंना आपल्या कारखान्यात कामगार म्हणून ठेवून वाचविणाऱ्या ऑस्कर शिंडलर या जर्मन उद्योजकाची ही कथा. नटांकडून वठवून घेतलेली, कृष्णधवल, मन हेलावणारी. लांझमान यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. जे दाखविता येतच नाही ते वठवून दाखविणे हाच अपराध, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य आहे. साठ लाखांच्या मरणाची गोष्ट अकराशेंच्या सुटकेतून सांगितली, की प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जो प्रेक्षक साडेनऊ तास बसणार नाही, त्याच्यापर्यंत ही कथा पोचली. शिवाय 1994 साली स्पिलबर्ग यांनी स्थापिलेल्या संस्थेने वाचलेल्या पन्नास हजारांहून अधिक व्यक्तींच्या साक्षी चित्रित करून ठेवल्या. अभिनयातून निघालेला पैसा आणि नाव अखेर साक्षीच्याच कामी आले.

दाखवावे की दाखवू नये, या वादाला हंगेरीच्या लास्लो नेमेश यांनी ‘सन ऑफ सॉल’मध्ये (2015) वेगळे वळण दिले. नायक सॉल हा आउश्वित्समधील ज्या कैद्यांना प्रेते जाळण्याचे काम सक्तीने करावे लागे, त्यांच्यापैकी एक. कॅमेरा जवळजवळ सर्वकाळ त्याच्या चेहऱ्याला किंवा पाठीला चिकटून असतो. मागे जे चालले आहे ते अंधुक दिसते, पण ऐकू मात्र स्पष्ट येते. या चित्रपटात काही कैदी चोरून छायाचित्र घेतात, असा एक प्रसंग आहे. तो कल्पित नाही. 1944 च्या ऑगस्टमध्ये आउश्वित्सच्या कैद्यांनी छुप्या कॅमेऱ्याने खरोखरच चार छायाचित्रे घेतली आणि ती छावणीबाहेर पाठविली. ती तिरकी आहेत, अस्पष्ट आहेत. एकात तर केवळ झाडांच्या फांद्या आहेत. वॉर्साच्या कोंडवाड्यातील नाझी फीत रेखीव आहे आणि खोटी आहे. ही चार चित्रे वेडीवाकडी आहेत आणि खरी आहेत. ज्याला मारावयाचे होते, त्यानेच काही क्षण कॅमेरा हाती घेतला होता.

जाता जाता आपल्या अंगणाकडेही एकदा पाहावेसे वाटते. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा, तेलाचे घाणे चालविणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविला गेलेला. 1948 नंतर त्यातील बहुतेक लोक इस्रायलला गेले. ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा रंगविणारे डेव्हिड हे याच समाजातले. आपल्या चित्रपटांत ज्यू कलावंत होते. परंतु बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’त (1958) दिसले ते प्राचीन रोममधले ज्यू. अलिबागकडचा, मराठीत भांडणारा आणि मराठीत प्रार्थनेला हाक मारणारा शेजारी पडद्यावर क्वचितच आला. येथे छळ झाला नाही, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण ज्यांचे जगणे कोणी टिपले नाही, त्यांचीही स्मृती विरतेच.

म्हणून या अभ्यासाच्या अखेरीस मन पुन्हा ‘डिब्बुक’कडे वळते. ज्यूंचा इतिहास म्हणजे केवळ ज्यूंचे मरण, अशी समजूत करून घेतली तर मारणाऱ्यांनी आखलेल्या चौकटीतच आपण त्यांना पाहत राहू. ‘शोआ’ पाहावा, ‘सन ऑफ सॉल’ पाहावा. आणि त्यानंतर 1937 सालचे ते लग्न पाहावे. तेथे वधू मृतांना आमंत्रण देण्यास जाते. पडद्यावर नाचणाऱ्या त्या वऱ्हाड्यांपैकी कितीजण पुढे वाचले असतील, हा विचार मनात येतो, आणि मग ते आमंत्रण आपल्यालाच दिलेले आहे असे वाटू लागते.